शिव्हाच्या, शोकाच्या सात दिवसांत पोरांना शेजारी पाठवू नका

आमच्या ज्यू घरांत कुणी गेलं की पहिला फोन नातेवाइकांना जातो, दुसरा सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, आणि तिसरा बहुतेक वेळा शेजारच्या काकूंना, की जरा पोरांना तुमच्याकडे ठेवता का. हे इतकं सवयीने होतं की त्याच्यावर कोणी विचारच करत नाही. काकू चांगल्या असतात, टीव्ही लावून देतात, मॅगी करून देतात, आणि तेवढ्या वेळात इकडे आजीला आंघोळ घालून पांढऱ्या साध्या कापडात गुंडाळून घेऊन जातात, आणि संध्याकाळी पोरं परत येतात तेव्हा आरशावर चादर टाकलेली, बाबा खाली बसलेले, त्यांचा शर्ट छातीपाशी फाटलेला, घरभर माणसं, आणि आजीची खाट रिकामी. मग कोणीतरी म्हणतं, जा बाळा आत जाऊन खेळ.

मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर लिहायचंय.

मी बेने इस्रायल समाजातली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आम्ही कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, दिवेकर, पेणकर, केहीमकर, नवगावकर अशी गावांवरून आडनावं असलेले, पूर्वी रायगडच्या गावांत तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे. आता भारतात आम्ही चार-पाच हजारच उरलोय, मुंबई आणि ठाण्यात जास्त, बाकी बहुतेक इस्रायलमध्ये, अश्दोद, दिमोना, बीरशेबा, लोद अशा गावांत. म्हणजे आमच्या प्रत्येक मरणाची बातमी दोन देशांत जाते आणि दोन्हीकडच्या घरांत लहान मुलं असतात, त्यांना काय सांगायचं हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

ज्यू पद्धतीत शोकाला पायऱ्या आहेत. दफन शक्यतो त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी. आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नवरा किंवा बायको ह्यांच्यापैकी कोणी गेलं तर कपडा फाडायचा, आईवडिलांसाठी डावीकडे काळजाच्या बाजूला आणि बाकीच्यांसाठी उजवीकडे. दफनानंतर सात दिवस शिव्हा, म्हणजे घरातच बसायचं, खाली नाहीतर बुटक्या स्टुलावर, चामड्याच्या चपला नाहीत, दाढी नाही, कामावर जायचं नाही, आणि लोक भेटायला येतात. मग तीस दिवसांपर्यंत थोडी सूट, आणि आईवडिलांसाठी वर्षभर, त्यात अकरा महिने कदिश ही प्रार्थना म्हणायची. ही सगळी रचना एवढ्यासाठी की माणसाला एकदम सोडून देऊ नये, धरून धरून परत माणसांत आणावं. माझं म्हणणं सरळ आहे. जी रचना चाळीस वर्षांच्या माणसाला लागते ती सात वर्षांच्या पोराला नको कशी? त्याला तर जास्तच लागते, कारण त्याच्याकडे आधीच्या कुठल्या मरणाचा अनुभवच नाही.

लोक मला म्हणतात, अगं पण धर्मातच लहान मुलांना सूट आहे, तेरा वर्षांच्या आत मुलगा आणि बाराच्या आत मुलगी, त्यांच्यावर काहीच बंधन नाही. बरोबर आहे, बंधन नाही. पण बंधन नाही म्हणजे बंदी आहे असं नाही ना. तालमुद ह्या आमच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात मोएद काटान नावाचा भाग आहे, सगळा सणांचे मधले दिवस आणि शोकाचे नियम ह्यांवर, त्यात स्पष्ट म्हटलंय की लहान मुलाचाही कपडा फाडतात, आणि कारण दिलंय दुःख. नंतर योसेफ कारोंनी सोळाव्या शतकात सफेद नावाच्या गावात बसून शुल्हान आरुख हा धर्मनियमांचा ग्रंथ लिहिला तेव्हा त्यातही हा नियम घेतला, की लहान मुलाचं माणूस गेलं तर त्याचा कपडा फाडायचा. आता ह्याचा अर्थ कोणी असा लावतं की पोराचा फाटका सदरा बघून आजूबाजूच्या माणसांना रडू यावं म्हणून, कोणी म्हणतं मुलाला वळण लागावं म्हणून. कुठलाही अर्थ घ्या, पोरगं तिथे उभं आहे, सगळ्यांच्या समोर, त्याचा सदरा कोणीतरी हाताने फाडतंय. त्याला शेजारच्या ब्लॉकमध्ये नेऊन ठेवलेलं नाहीये.

आणि कदिशचं तर अजून मोठं आहे. आज आपण कदिश म्हटलं की डोळ्यांसमोर मोठा माणूस येतो, टोपी घातलेला, सिनेगॉगमध्ये उभा राहून म्हणतोय. पण शोकाचा कदिश जेव्हा रुजला, बाराव्या-तेराव्या शतकात जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठच्या ज्यू वस्त्यांमध्ये, तेव्हा त्याचं नातं लहान अनाथ मुलांशी होतं. हिब्रूत त्याचं नावच अनाथाचा कदिश असं आहे. मोठा मुलगा असेल तर तो बापासाठी पुढे उभा राहून पूर्ण प्रार्थना चालवू शकतो, लहान मुलाला ते चालत नाही कारण तो अजून वयात आलेला नाही, मग त्याने आपल्या आईबापासाठी करायचं तरी काय? तर शेवटचा हा कदिश त्याला दिला. राबाय म्हणजे आमचे धर्मगुरू, त्यांतले राबाय याकोव मोएलिन, ज्यांना महारिल म्हणतात आणि जे १४२७ मध्ये वारले, त्यांनी हे लिहून ठेवलंय की हा कदिश लहानांसाठी आहे, मोठ्यांनी खरं तर प्रार्थना चालवावी. राबाय अकिवाची जी जुनी गोष्ट सांगतात त्यातही तेच, एक मेलेला माणूस लाकडांचा भारा घेऊन धावत असतो, त्याची सुटका कशाने होणार, तर त्याचा मुलगा उभा राहून देवाचं नाव घेईल त्याने, आणि त्या पोराला तर गावाने काहीच शिकवलेलं नसतं, तेव्हा अकिवा स्वतः बसून त्याला शिकवतात. म्हणजे बघा, आपल्या शोकातली सगळ्यात ओळखीची प्रार्थना लहान पोरांच्या तोंडी घातलेली होती आणि आपण आता ती म्हणायच्या वेळेला पोरांना बाहेर काढतो.

अजून एक मुद्दा इथेच सांगते. तालमुदमध्ये एके ठिकाणी चर्चा आहे की लहान मूल पुढच्या जगात जायला कधीपासून पात्र होतं, आणि एक उत्तर आहे की ज्या क्षणी ते आमेन म्हणतं तेव्हापासून. चार वर्षांच्या पोरीला अरामी भाषेतला अख्खा कदिश येणार नाही, माझ्या ओळखीच्या कित्येक मोठ्यांनाही नीट येत नाही, पण आमेन येतं. तिला सांगायचं, बाबा थांबले की तू मोठ्याने आमेन म्हणायचं. तेवढ्याने ती त्या खोलीत असते.

मुलींचं विचाराल तर सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमला एक केस झाली होती, एक माणूस फक्त एक मुलगी मागे ठेवून गेला आणि सांगून गेला की घरात प्रार्थनेला लागतात तेवढे दहा जण जमवा आणि तिने कदिश म्हणावा. राबाय याईर बाखराखनी लिहिलं की ह्याला ठोस हरकत दिसत नाही, पण रिवाज सैल होतील ह्या भीतीने शेवटी नको म्हटलं. त्यावर आजही वाद आहेत, परंपरावादी ऑर्थोडॉक्स एक म्हणतात, सुधारणावादी रिफॉर्म दुसरं, मी त्यात इथे शिरत नाही. पण आमेन म्हणायला, दिवा लावायला, कबरीवर दगड ठेवायला मुलगी आहे म्हणून कोणाची हरकत असू नये.

आता खोटं बोलण्याकडे येते, कारण माझा खरा राग तिथे आहे.

मुलं विचारतात, आजी कुठे आहे. आपण सांगतो, झोपली. देवाकडे गेली. गावाला गेली. आमच्या समाजात ह्यात एक खास आमचं उत्तर आहे ते म्हणजे इस्रायलला गेली. माझ्या माहितीतल्या एका घरात पाच वर्षांच्या मुलीला हेच सांगितलं होतं, बिचाऱ्यांनी प्रेमानेच सांगितलं, पण त्या मुलीचे दोन मामा आणि एक मावशी खरोखर इस्रायलला गेले होते आणि दिवाळीच्या सुट्टीत चॉकलेटं घेऊन परत यायचे, रोज व्हिडिओ कॉल करायचे. मग ती पोर रोज विचारायची की आजीचा फोन का नाही येत, आजी माझ्यावर चिडली का. तिचं सगळं लॉजिक बरोबर होतं, आपणच तिला चुकीची माहिती दिली होती. आणि मग पुढे मावशी परत जायला निघाली तेव्हा एअरपोर्टवर तिने जो आकांत केला तो कोणालाच कळला नाही की कशासाठी. आणि झोपली म्हणणाऱ्यांनी तर विचारच करावा, त्याच रात्री पोराला तुम्ही झोप म्हणणार आहात.

इथे पण लोक मला धर्म सांगतात, की मरणाची बातमी सांगायलाच पाहिजे असं काही नाही. हो, हेही खरंच आहे, शुल्हान आरुखमध्ये आहे की कुणाचं माणूस गेलंय आणि त्याला माहीत नाही तर सांगण्याची सक्ती नाही. पण तिथेच लगेच पुढे आहे की त्याने विचारलं तर खोटं बोलून तो जिवंत आहे असं सांगायचं नाही, कारण तोरात, आमच्या मूळ धर्मग्रंथात, म्हटलंय खोट्यापासून लांब राहा. हा नियम मोठ्यांबद्दल लिहिलाय, पण मोठा माणूस कधी कधी विचारायचं टाळतो. लहान मूल विचारतंच. दिवसातून दहादा विचारतं. म्हणजे लहान मुलाच्या बाबतीत न सांगण्याची वाट जवळजवळ बंदच आहे, खरं सांगायचं नाहीतर खोटं बोलायचं, एवढंच उरतं.

काय सांगायचं? आजी वारली. तिचं शरीर खूप आजारी होतं आणि ते बंद पडलं. आता ती श्वास घेत नाही, तिला भूक लागत नाही, दुखत नाही, ती परत येणार नाही. तुझ्यामुळे झालेलं नाही. हे शेवटचं वाक्य मुलाने विचारलं नाही तरी सांगायचं, कारण त्या वयात पोरांना मनातून वाटत असतं की आपण ओरडलो, आपण आजीला त्रास दिला, म्हणून झालं. चार-पाच वर्षांच्या मुलाला परत येणार नाही हे एकदा सांगून कळत नाही, ते ऐकतं, खेळायला जातं, आणि संध्याकाळी विचारतं आजी जेवायला येणार का. ते ऐकून मोठ्यांचं काळीज फाटतं हे मला माहितीये, पण मूल दुष्टपणा करत नसतं, समजून घ्यायचा प्रयत्न करत असतं, पुन्हा तेच तेवढ्याच शांतपणे सांगायचं.

आपल्याकडे प्रश्नाला केवढा मान आहे ते आठवा जरा. पेसाखच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या रात्री सगळं कुटुंब टेबलाभोवती बसतं आणि घरातलं सगळ्यात लहान मूल मा निश्तना म्हणत चार प्रश्न विचारतं, आणि त्याने विचारल्यावरच मोठे गोष्ट सांगायला लागतात. आमच्या मराठी पूर्वजांना हे इतकं महत्त्वाचं वाटलं की १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासकट हगादा, म्हणजे त्या रात्री वाचायचं पुस्तक, छापली, म्हणजे पोरांना कळेल अशा भाषेत उत्तर मिळावं. आणि त्या गोष्टीत काय मरणं नाहीत का? इजिप्तमधली पहिली मुलं मेली हे आम्ही सहा वर्षांच्या पोरांसमोर वाचतो. अलिबागजवळ नवगावला पोरांना सहलीला नेतो, आमच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि बाकीच्यांना त्यांनी इथेच पुरलं हे स्मारकापाशी उभं राहून सांगतो, पोरं चिवडा खात खात ऐकतात. कोणाला धक्का बसत नाही. आमच्या समाजाची गोष्टच मुळी एका दफनापासून सुरू होते. मग स्वतःच्या आजीचं दफन तेवढं कसं काय झेपणार नाही असं आपण आधीच ठरवून टाकतो?

आता काम देण्याबद्दल, कारण नुसतं घरात ठेवणं पुरेसं नाही. नुसतं ठेवलेलं मूल कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसतं आणि येणारे जाणारे त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात. त्याला काम पाहिजे, खरं काम, उगाच गुंतवून ठेवायचं म्हणून दिलेलं नाही.

ठाण्यात आमच्या नात्यातल्या एका घरी मी बघितलंय. कबरस्तानातून लोक परत येतात तेव्हा घरात शिरायच्या आधी हात धुतात, दोन्ही हातांवर आळीपाळीने पाणी घालायचं आणि तांब्या पुढच्याच्या हातात द्यायचा नाही, खाली ठेवायचा, पुढच्याने तो स्वतः उचलायचा. त्या घरातला आठ वर्षांचा मुलगा कबरस्तानात गेला नव्हता, त्याला विचारलं होतं आणि तो नको म्हणाला होता. मग त्याच्या आत्याने त्याला बिल्डिंगच्या जिन्यापाशी बादली आणि तांब्या घेऊन बसवलं आणि नियम समजावून सांगितला. लोक यायला लागले, आणि एका वयस्कर काकांनी सवयीने तांब्या मागच्याच्या हातात द्यायला पुढे केला तर हा एकदम म्हणाला, अंकल, हातात नाही, खाली ठेवा. काकांनी ठेवला. मग त्याने विचारलं असं का करतात, तर ते म्हणाले की आपलं दुःख दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही म्हणून. मुलगा गप्प झाला, बादली संपत आली होती ती भरून आणली, पुढच्याला आपणहून सांगितलं. त्या दिवशी त्या घरात प्रत्येक माणूस त्याच्यासमोरून गेला, प्रत्येकाचा चेहरा त्याने बघितला, कोण रडतंय कोण नाही, आणि त्याच्या वाट्याला एक काम होतं जे चुकलं तर विधी चुकला असता.

अशी कामं भरपूर आहेत, आपण बघत नाही एवढंच. परत आल्यावरचं पहिलं जेवण घरच्यांनी स्वतःचं खायचं नसतं, शेजाऱ्यांनी आणायचं असतं, त्यात उकडलेली अंडी आणि मसूर असतात, गोल असतात म्हणून (आपल्याकडे हिंदू शेजारी अशा वेळी पिठलं-भात घेऊन येतात, कारण त्यांच्याकडेही दुखवट्याच्या घरात चूल पेटवत नाहीत, मग त्यांना आमची पद्धत सांगायलाही लागत नाही). ती अंडी सोलायला मुलांना द्या. सात दिवसांचा दिवा तेल बघून भरायला थोड्या मोठ्या मुलाला द्या, कोणीतरी सोबत उभं राहून. सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेची पुस्तकं वाटायला, टोप्या वाटायला. आजीचे फोटो निवडायला, आणि त्यात मुलीने आजी हसतानाचा निवडला तर तोच ठेवा, गंभीर पाहिजे म्हणून बदलू नका. आरसा झाकायचा असेल तर चादरीचं एक टोक मुलाला धरायला द्या आणि का झाकतोय ते सांगा, नाहीतर झाकलेल्या आरशाची भीती त्याला नंतर रात्री वाटेल. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागला की उघड शोक थांबतो, नीट कपडे घालून बसतात, आणि मुलांना वाटतं संपलं बहुतेक, त्यांना आधीच सांगा की शनिवारी रात्री शब्बाथ संपला की पुन्हा खाली बसायचंय. सातव्या दिवशी शोकातून उठल्यावर घराबाहेर एक चक्कर मारायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, ती चक्कर पुढे राहून मुलाला घालू द्या.

कबरस्तानात न्यावं का, ह्याच्यावर मी हट्ट धरणार नाही. पद्धतीही सगळीकडे एक नाहीत, जेरुसलेममध्ये तर जुना रिवाज आहे की बापाच्या अंत्ययात्रेत त्याची मुलंच, मोठी झालेली सुद्धा, मागे जात नाहीत. पण मुलाला विचारा, आणि विचारायच्या आधी तिथे काय दिसणार ते सांगा, कारण माहितीशिवाय दिलेली निवड ही निवड नसते. खड्डा खोल असेल. आपल्याकडे आणि खास करून इस्रायलमध्ये पेटी नसते, कापडात गुंडाळलेलं शरीर दिसतं, ते माणसाच्या आकाराचं असतं, हे सांगायलाच पाहिजे. माती टाकल्याचा आवाज येईल. मोठी माणसं रडतील, बाबा सुद्धा. तू एक मूठ माती टाकू शकतोस, नको वाटलं तर टाकू नकोस. कधीही निघावंसं वाटलं तर अमुक मावशी तुला घेऊन गाडीत बसेल. आणि ही मावशी जी आहे ती शोकातली नसावी, तिचं काम त्या दिवशी फक्त ते मूल, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कारण पोरांना बाहेर पाठवण्यामागचं सगळ्यात खरं कारण धर्म नाही आणि मुलांची भीतीही नाही, मोठी माणसं थकलेली असतात, त्यांना स्वतःला रडायचं असतं आणि त्याच वेळी पोराला शू लागली भूक लागली बघायचं नसतं. हे कारण मी हलकं मानत नाही. नवरा गेलेल्या बाईला तुम्ही म्हणणार का की आता मुलाला धीर देत बस? म्हणून एक माणूस नेमायचा. सिनेगॉगचे लोक कबर खणायला माणूस बघतात, तहारा करायला, म्हणजे मेलेल्या माणसाला आंघोळ घालायला, माणसं बघतात, दहा जण जमवतात, तसंच ह्या घरातल्या पोरांसाठी कोण, हेही त्याच फोनवर ठरायला हवं.

अमेरिकेत बोस्टनकडे राबाय अर्ल ग्रोलमन होते, ते १९६० च्या दशकापासून हेच सांगत होते की मुलांपासून मरण लपवू नका, ते लपत नाही, फक्त मूल एकटं पडतं. नंतर त्याच भागात विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन ह्या दोघांनी आई किंवा वडील गेलेल्या ७० कुटुंबांतल्या १२५ शाळकरी मुलांचा दोन वर्षं पाठपुरावा केला, त्यांचंही सांगणं हेच की मुलांना नीट कल्पना देऊन, तयारी करून सामील करून घ्यावं, आणि नको म्हणाली तर ओढून नेऊ नये.

इस्रायलमधल्या आमच्या लोकांसाठी थोडं वेगळं लिहिते. तिथे बालवाडीपासून मुलं शहीद सैनिकांच्या स्मरणदिनाच्या सायरनला उभी राहतात, संध्याकाळी एक मिनिट आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दोन मिनिटं, रस्त्यात गाड्या थांबतात, सगळा देश उभा, आणि तीन वर्षांचं पोरगंही आईचं बोट धरून उभं असतं. देशाचा शोक मुलांना शिकवतात आणि ते चांगलंच आहे. पण घरातला शोक आला की तीच माणसं मराठीत कुजबुजायला लागतात, कारण नातवंडांना मराठी येत नाही, म्हणजे लपवायला भाषा तयारच आहे. शिव्हामध्ये सगळे म्हातारे जमून रेवदंड्याच्या, पेणच्या, मझगावच्या शाळेच्या गोष्टी सांगतात, आजोबा तरुणपणी कसे होते, कोणाशी भांडले होते, मलिदा हा आमचा प्रसाद करताना पोहे कोणी जास्त भिजवले होते, सगळे हसतात रडतात, आणि नातू मध्ये बसून नुसता चेहरे बघतो. कोणीतरी त्याच्या शेजारी बसून हिब्रूत सांगा ना. आजोबांबद्दल त्याला जे कधी कळलं नसतं ते ह्याच सात दिवसांत कळतं, पुढे ती माणसं तरी कुठे सगळी एकत्र येणार आहेत?

आणि मरण इथे आणि नातवंडं तिथे असली तर दफन इतक्या लवकर होतं की विमानाने पोचणं अवघड, सगळं व्हॉट्सॲपच्या व्हिडिओवर बघतात. त्यात मुलांना घ्यायचं असेल तर घ्या, पण फोन धरणाऱ्या माणसाला आधी सांगा की मुलं बघतायत, मग तो उगाच कबरीच्या आत कॅमेरा नेणार नाही. आणि कॉल कट झाला की झालं असं नको, तिथेही एक दिवा लावा, मुलाच्या हाताने. पुढे कधी भारतात आलात की त्याला कबरीवर घेऊन जा, आणि ठेवायला दगड त्याला तिथल्याच जमिनीवरून शोधू द्या, वेळ लागला तरी.

भेटायला येणाऱ्यांनाही दोन शब्द सांगायचेत. ज्यू शोकात भेटायला गेलेल्याने आधी बोलायचं नसतं, शोकातला माणूस बोलेपर्यंत गप्प बसायचं, हे बायबलमधल्या दुःखी ईयोबाच्या मित्रांवरून घेतलंय, ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. हा नियम लहान मुलाच्या बाबतीत कोणीच पाळत नाही. आल्या आल्या त्याला म्हणतात, आता तूच घरातला मोठा, आईला रडवायचं नाही हं. नऊ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर हे ठेवून माणसं चहा पिऊन निघून जातात आणि ते पोर पुढे कित्येक वर्षं आईसमोर रडत नाही. कृपा करून हे बोलू नका. त्याच्या शेजारी खाली बसा, गप्प बसा, ते बोललं तर ऐका. क्रिकेटबद्दल बोललं तर क्रिकेटबद्दल ऐका. मुलं पाच मिनिटं हमसून रडतात आणि मग बाहेर जाऊन बॉल मारतात, ह्याचा अर्थ त्यांना काही वाटत नाही असा नाही, त्यांना एका वेळी तेवढंच पेलतं. आजी जाऊन तीन दिवस नाही झाले आणि हा खेळतोय असं त्याला ऐकू जाईल असं तर बोलूच नका.

शाळेचंही बघा. शिव्हा संपून मूल शाळेत जातं तेव्हा टीचरला आधी फोन केलेला असावा, नाहीतर निबंधाला विषय येतो माझी आई आणि ते मूल वहीकडे बघत बसतं. ह्या गोष्टीला धर्म लागत नाही आणि पैसाही लागत नाही, ज्या मावशीला पोरांसाठी नेमलंय तिनेच हा फोन करावा.

आता आपल्या सिनेगॉगच्या कमिटीवाल्यांना माझी विनंती आहे, ठाण्याला, मुंबईला, पुण्याला, अलिबागला, सगळीकडे. कदिशचा एक कागद छापा, मोठ्या देवनागरी अक्षरात, खाली साध्या मराठीत अर्थ, लॅमिनेट केलेला म्हणजे लहान हातांत टिकेल, आणि जिथे सगळ्यांनी आमेन म्हणायचं तिथे ठळक खूण. मागच्या बाजूला सात दिवसांत काय काय होतं ते आठ-दहा ओळींत, मुलांना वाचून दाखवता येईल अशा भाषेत. इस्रायलमधल्या नातवंडांसाठी हिब्रूतही काढा. शोकाच्या घरी सिद्दूर पाठवता तेव्हा त्यांच्यासोबतच हे चार-पाच कागद जाऊ देत. छपाईला फार खर्च नाही, मराठी मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे, सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हजानसाहेबांनी उच्चार तपासून दिले की झालं. पुढच्या जनरल मीटिंगच्या अजेंड्यावर हे घ्या, आणि त्याच मीटिंगमध्ये दोन-तीन नावंही ठरवा, ज्यांना रात्री-बेरात्री फोन केला तर ते येऊन फक्त पोरांपाशी बसतील. माझं नाव पहिलं लिहा.